विमानतळांची शिरगणती

नवें वर्ष उजाडलें म्हणजे जगांतील मोठमोठ्या विमानतळांचे चालक आपआपले आंकडे प्रसिद्ध करितात, आणि घोड्यांच्या शर्यतीचा निकाल द्यावा तशा थाटानें वर्तमानपत्रें ते छापतात. पहिला कोण, दुसरा कोण, गेल्या सालचा पांचवा यंदा कितवा! अमेरिकेंतील अटलांटा हें शहर १९९८ पासून या शर्यतींत जवळजवळ अखंड पहिलें आहे. २०१९ सालीं तेथील विमानतळावर ११ कोटी ५ लक्ष प्रवाशांची नोंद झाली. २०२० सालीं महामारीनें ती ४ कोटी २९ लक्षांवर आणिली, आणि चीनमधील ग्वांगचौ हा विमानतळ अवघ्या ४ कोटी ३७ लक्षांच्या बळावर जगांत पहिला ठरला; पुढल्याच वर्षीं अटलांटानें आपलें आसन परत मिळविलें. लंडनचा हीथ्रो ८ कोटी ९ लक्षांवरून २०२१ पर्यंत १ कोटी ९४ लक्षांवर घसरला व २०२४ सालीं ८ कोटी ३९ लक्षांवर चढला. दुबई २०१९ सालीं ८ कोटी ६४ लक्षांवर होती, ती २०२४ सालीं ९ कोटी २३ लक्षांवर गेली. आमच्या मुंबईचा आंकडा २०१८-१९ सालीं सुमारें ४ कोटी ८८ लक्ष, २०२०-२१ सालीं सुमारें १ कोटी १० लक्ष, आणि २०२३-२४ सालीं सुमारें ५ कोटी २८ लक्ष असा आहे.

या आंकड्यांच्या भोंवतीं जी भाषा वापरली जाते ती मला आंकड्यांहूनही अधिक विचार करण्यासारखी वाटते. ती वैद्याची भाषा आहे. अमुक विमानतळ ‘सावरला’, तमुक ‘पूर्वपदावर आला’, तिसऱ्याची प्रकृति ‘अद्याप सुधारावयाची आहे’. आम्स्टरडॅमचा स्किपोल २०१९ सालीं ७ कोटी १७ लक्षांवर होता व २०२४ सालीं ६ कोटी ६८ लक्षांवरच राहिला. लागलीच त्याची गणना दुखणाइतांत झाली. संख्या वाढली तर आरोग्य, घटली तर रोग, हा सिद्धांत कोणी कोठें मांडलेला नाहीं व कोणी त्याचें मंडनही करीत बसत नाहीं; तो शब्दांच्या आडून मनांत येऊन बसतो. वादाच्या दारानें न येतां असा मागील दारानें जो सिद्धांत येतो त्याचीच झडती घेणें अधिक अगत्याचें. प्रवाशांची संख्या वाढणें ही चांगली गोष्ट आहे काय? चांगली असल्यास कोणाला? आणि ती घटली तर तें पुण्य म्हणावें कीं दुर्दैव?

प्रथम, मोजलें काय जातें तें पाहूं. सामान्य वाचकाची समजूत अशी कीं अटलांटाचे अकरा कोटी म्हणजे अकरा कोटी माणसें. वस्तुतः विमानतळ माणसें मोजीत नाहीं. विमानांत चढणें आणि विमानांतून उतरणें एवढेंच तो मोजतो. मुंबईचे एक गृहस्थ दुबईस विमान बदलून लंडनला गेले, तर मुंबईस त्यांची एक नोंद होते, दुबईस उतरतांना एक व पुन्हां चढतांना एक अशा दोन होतात, आणि लंडनला एक. परत आले कीं आणखी चार. एका गृहस्थांचे एका वारींत आठ प्रवासी झाले, आणि त्यांपैकीं चार एकट्या दुबईच्या पदरांत पडले. त्या शहराचें ऊन त्यांनीं कदाचित् कांचेंतूनच पाहिलें असेल! अटलांटा काय किंवा दुबई काय, त्यांचें वैभव अशा विमान बदलणाऱ्यांवर पुष्कळसें उभें आहे. २०१९ सालीं जगांतील सर्व विमानतळांवरील प्रवाशांची बेरीज नऊ अब्जांच्या वर गेली, म्हणजे पृथ्वीवरील एकंदर मनुष्यसंख्येहूनही अधिक झाली. विमानकंपन्यांनीं त्याच वर्षीं आपल्या हिशेबानें सुमारें साडेचार अब्ज प्रवासी नेले. पण तेही प्रवासच, माणसें नव्हेत.

मग माणसें किती? गॉस्लिंग व हुंपे या दोन अभ्यासकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असा अदमास काढला आहे कीं, २०१८ सालीं जगांतील सुमारें ११ टक्के लोकच विमानांत बसले; आणि व्यापारी विमानें जो कर्बवायु हवेंत सोडतात त्याचा निम्मा भाग फार तर एक टक्का लोकांच्या वांट्यास जातो. म्हणजे ज्या बेरजेंत सारी मानवजात एकाहून अधिक वेळ उडाली असें वाटावें, तींत दहांपैकीं नऊ माणसांचें नांवच नाहीं; आणि जीं नांवें आहेत त्यांतील थोडींशीं पुनःपुन्हां लिहिलेलीं आहेत. शिरें थोडीं आणि गणती फार, असा हा प्रकार आहे.

मोजणाऱ्याला मी दोष देत नाहीं. धांवपट्टीला, पाण्याच्या टाकीला आणि सामान वाहणाऱ्या पट्ट्याला हाच हिशेब लागतो; माणूस नवखें कीं सरावलेलें हें त्यांस कळून काय करावयाचें? आखातांत चाकरी करणारी परिचारिका दोन वर्षांनीं मुलांना भेटावयास येते. एक व्यवस्थापक तासाभराच्या सभेसाठीं सकाळीं दिल्लीस जाऊन रात्रीं परत येतो. एक वऱ्हाड राजस्थानच्या राजवाड्यांत लग्न लावावयास निघतें. आणि कोणाचा मुलगा बापाला शेवटचें पाहावयास मिळावें म्हणून धांवत येतो. या सर्वांच्या पुढें वहींत एकेकच आंकडा पडतो, आणि वहीच्या दृष्टीनें तें बरोबरच आहे. घोटाळा तेथून पुढें सुरू होतो. ज्या वस्तु एकमेकींशीं विजातीय, त्यांची बेरीज करतां येते. परंतु त्या बेरजेला चांगलें-वाईट ठरविण्याचा अधिकार मिळत नाहीं. पांच आंबे आणि सात दगड मिळून बारा होतात हें खरें. पण ते बारा खाण्याजोगे आहेत काय, हा प्रश्न बारांना विचारून भागत नाहीं.

घटीलाही हेंच लागू आहे. २०१९ सालच्या साडेचार अब्जांचे २०२० सालीं सुमारें पावणेदोन अब्ज राहिले. त्या वर्षीं आकाश निवळलें, गोंगाट थांबला, आणि कित्येक भाविक टीकाकारांस तें मनुष्याचें प्रायश्चित्तच वाटलें. मला त्या आनंदांत सामील होतां आलें नाहीं. आपल्याकडे उपवास आणि उपासमार असे दोन शब्द आहेत. दोहोंतही पोट रिकामेंच असतें. परंतु एकांत अन्न समोर असतां माणूस हात आंवरतो आणि दुसऱ्यांत अन्नच नसतें, आणि हा भेद न ओळखणारा मनुष्य उपाशी भिकाऱ्यालाही व्रतस्थ म्हणेल. २०२० ची घट ही उपासमार होती. भारतांत २५ मार्च ते २५ मे या दोन महिन्यांत देशांतर्गत प्रवासी विमानें बंद होतीं. परदेशाशीं नियमित दळणवळण तर २७ मार्च २०२२ पर्यंत पुरतें सुरू झालें नाहीं. त्या काळांत किती घरांतून आईबाप गेले आणि किती मुलांनीं त्यांचें अंत्यदर्शन दूरध्वनीच्या पडद्यावर घेतलें, हें वाचकांपैकीं पुष्कळांना सांगावयास नको. आंकड्यांत या न झालेल्या प्रवासांची नोंद नाहीं. एक उत्सवी सहल रद्द झाली काय आणि हा प्रवास रद्द झाला काय, घट एकाचीच.

गांधीजींनीं १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्या’ंत आगगाडीवर असा आरोप ठेविला होता कीं तिनें प्लेगचे जंतु ठिकठिकाणीं पोंचविले. सुशिक्षितांना तेव्हां तो विक्षिप्तपणा वाटला. २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत रोग ज्या वेगानें खंडोखंडीं गेला त्यानें त्या आरोपाला विमानापुरती तरी बळकटी दिली खरी. परंतु अडकलेल्या माणसांना घरीं आणण्यासाठीं त्याच वर्षीं मे महिन्यांत सरकारला विमानेंच पाठवावीं लागलीं, आणि पुढें लसीही विमानांतूनच गेल्या. त्या काळाचा आणखी एक मासला सांगण्यासारखा आहे. युरोपांत विमानतळावरील आपली उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ कंपनीनें बहुतांशीं वापरली नाहीं तर ती पुढल्या हंगामांत गमवावी लागे. त्या भीतीनें २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें कांहीं कंपन्यांनीं जवळजवळ रिकामीं विमानें उडविलीं. पुढें तो नियम तहकूब करावा लागला. प्रवासी नाहींत, धूर मात्र पूर्ण!

मग खराखुरा उपवास कोणी केला काय? याचें उत्तर शोधीत आपण स्वीडनकडे वळलों तर तेथें एक लहानसा पण बोलका आंकडा सांपडतो. महामारीच्या आधींच, २०१८ च्या सुमारास, त्या देशांत ‘उड्डाणाची लाज’ अशा अर्थाचा एक शब्द रूढ झाला. शक्य तेथें विमान सोडून आगगाडीनें जावें असें पुष्कळ लोक उघडपणें बोलूं लागले. तेथील सरकारी कंपनीच्या दहा विमानतळांवर २०१८ सालीं सुमारें ४ कोटी २० लक्ष प्रवासी होते, ते २०१९ सालीं सुमारें ४ कोटी २ लक्ष झाले. देशांतर्गत प्रवासांतील घट तर शेंकडा नऊ होती. हा विवेकाचा विजय म्हणावयाचा काय? तसें म्हणावयास मन धजत नाहीं. एप्रिल २०१८ पासून तेथें विमानप्रवासावर कर बसला होता आणि देशाचें नाणेंही स्वस्त झालें होतें. अठरा लक्षांपैकीं किती लाजेनें थांबले, किती कराच्या भीतीनें, आणि किती केवळ खिशाकडे पाहून, हें सांगणारा रकाना त्या वहींत नाहीं. नीतिशास्त्र हेतूकडे पाहतें आणि वही परिणामाकडे. दोघांची भेट क्वचितच होते. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या घटीला निदान उपवास म्हणण्याची शक्यता तरी आहे, कारण विमानें उभीं होतीं, तिकिटें मिळत होतीं, आणि तरीही माणसें गेलीं नाहींत.

यावर एक नेहमींचा आक्षेप येतो. मी एकटा गेलों नाहीं म्हणून विमान थांबतें काय? माझी जागा रिकामी जाते एवढेंच! आक्षेप दिसावयास तर्कशुद्ध आहे, पण तो खरा असता तर मतदानाला कोणी जावयास नको. पुढील हंगामांत किती विमानें सोडावयाचीं हें कंपनी याच वहीवरून ठरविते. रिकामी जागा आज निरुपयोगी दिसते, पण त्या वहींत ती बोलतेच.

आतांपर्यंत झालेल्या प्रवाशांविषयीं बोललों. परंतु विमानतळाच्या कारभारांत झालेल्या प्रवाशापेक्षां अद्याप न झालेल्या प्रवाशाचें वजन अधिक असतें. दहा वर्षांनीं इतके कोटी लोक येणार, असें भाकीत तयार होतें. आणि भाकीत तयार झालें कीं तें आज्ञा करूं लागतें. या गोष्टीचें जपानमधील नारिता हें उदाहरण मला फार मोलाचें वाटतें. टोकियोचा जुना हानेदा विमानतळ पुढें पुरणार नाहीं, म्हणून ४ जुलै १९६६ रोजीं तेथील मंत्रिमंडळानें चिबा प्रांतांत सान्रिझुका येथें नवा विमानतळ बांधण्याचें ठरविलें. तेथील शेतकऱ्यांना आधीं कोणी विचारलें नव्हतें. त्यांपैकीं कित्येकांनीं महायुद्धानंतर तेथें वसाहत करून, रान तोडून जमीन नांगराखालीं आणिली होती. ते विरोधाला उभे राहिले, विद्यार्थी त्यांना मिळाले, आणि जो झगडा पेटला त्यांत १९७१ च्या सप्टेंबरांत तीन पोलीस मारले गेले, दोन्ही पक्षांचें पुष्कळ रक्त सांडलें. २६ मार्च १९७८ रोजीं, उद्घाटन चार दिवसांवर आलें असतां, विरोधकांनीं नियंत्रणाच्या मनोऱ्यांत शिरून यंत्रें फोडलीं. शेवटीं २० मे रोजीं एकाच धांवपट्टीवर विमानतळ उघडला. दुसरी धांवपट्टी उघडण्यास २००२ साल उजाडलें, आणि तीही ठरल्याप्रमाणें २,५०० मीटर न होतां २,१८० मीटरच झाली. कारण वाटेंत जमीन न विकणाऱ्यांचीं शेतें होतीं. २००९ सालीं ती लांबविली तीही उलट्या दिशेला. मध्यंतरीं सरकारनें शेतकऱ्यांशीं जाहीर चर्चा करून आपल्या आरंभींच्या एकतर्फी वागणुकीबद्दल क्षमा मागितली होती. पण क्षमा मागितली म्हणून गेलेलीं माणसें आणि विस्कटलेलीं गांवें परत येत नाहींत.

येथें एक बाजू उजेडांत ठेवून दुसरी झांकणें बरोबर होणार नाहीं. भाकितांतले प्रवासी आले. २०१९ सालीं नारितावर सुमारें ४ कोटी ४३ लक्ष प्रवासी नोंदले गेले. पुढल्या वर्षीं ते एक कोटीच्या आसपास राहिले ही गोष्ट निराळी. मग सरकारचें बरोबर होतें असें म्हणावें? मला तसें वाटत नाहीं. घाट बांधला कीं तेथें स्नानाला लोक येतात. त्यावरून घाट बांधण्यापूर्वीं ते पारोसे बसले होते असें सिद्ध होत नाहीं. आणि समजा, गरज खरीच होती. तरीही जो माणूस आज उभा आहे व ज्याच्या हातांत नांगर आहे त्याला, जो अजून तिकीट काढावयाचा आहे त्याच्यासाठीं, न विचारतां उठवण्याचा अधिकार केवळ संख्येच्या मोठेपणानें मिळतो काय? लंडनला हीथ्रो नांवाची एक वस्ती होती, भोंवतीं भाजीपाल्याचे व फळांचे मळे होते. १९४४ सालीं युद्धकालीन अधिकार वापरून, वायुदलासाठीं म्हणून, सरकारनें ती जागा घेतली. त्या वेळचे वायुखात्याचे उपमंत्री हॅरोल्ड बाल्फर यांनीं पुढें आपल्या आठवणींत कबूल केलें कीं, खरा हेतु युद्धानंतरच्या नागरी विमानतळाचाच होता. आज आठ कोटी माणसें त्या वस्तीचें नांव घेऊन ये-जा करितात, आणि वस्ती कोठेंच नाहीं.

आमच्या दाराशींही हें घडलें आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळीं एकच वापरतां येते. भोंवतीं शहर दाटलेलें. तेव्हां दुसरा विमानतळ पाहिजे यांत संशय नव्हता. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटित झाला व २५ डिसेंबरपासून त्यावरून विमानें उडूं लागलीं. पहिल्या टप्प्यांत वर्षास दोन कोटी व शेवटीं नऊ कोटी प्रवासी, असा त्याचा आराखडा आहे. त्याच्यासाठीं उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदीचा ओघ वळविला, आणि आगरी-कोळ्यांचीं दहा गांवें उठलीं. नारिताच्या मानानें येथें पुष्कळ बरें झालें. जमीनधारकांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचा करार झाला, आणि तो त्यांनीं भांडून मिळविला. पण खाडींतल्या मासळीवर ज्याचें पोट, त्याच्या नांवावर जमीन नसते. साडेबावीस टक्के कशाचे, हें त्याला कोणीं सांगावें?

आतां या विषयांतला जो भाग मला सर्वांत अवघड वाटतो तो सांगतों. स्वीडनचा मनुष्य विमान सोडतो, कारण त्याच्या बापानेंही विमानप्रवास केलेला असतो. आमच्याकडे स्वस्त विमानसेवा २००३ सालीं सुरू झाली. लहान शहरांना जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेंतील पहिलें विमान २७ एप्रिल २०१७ रोजीं सिमल्याहून उडालें. ज्या शिक्षकाच्या घरांत आयुष्यभर आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाचीं तिकिटें जपून ठेविलीं गेलीं, त्याची पत्नी साठाव्या वर्षीं प्रथम खिडकीशीं बसून ढग खालीं पाहते. तिला लाज वाटावी असें म्हणणारा मनुष्य नीतिमान् असेल, पण तो सहृदय नव्हे. जगाच्या हवेंत जो धूर साचला आहे त्यांत तिचा वांटा नाहींच म्हटलें तरी चालेल. परंतु याच युक्तिवादाचा आडोसा घेऊन तिचा मुलगा महिन्यांतून चार वेळां पुणें-दिल्ली करूं लागला, तर तो आडोसा त्याचा नव्हे. गरीब देशाचा नागरिक एवढ्यावरून कोणी गरीब ठरत नाहीं. त्या एक टक्क्यांत आमचेही लोक आहेत, आणि या मासिकाच्या वाचकवर्गांतही थोडे असतील.

गंमत अशी कीं व्यापाराची रीत याच्या अगदीं उलट आहे. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें वारंवार उडणाऱ्यांना मैलांच्या हिशेबानें बक्षिसी देण्याची योजना काढली, आणि आज बहुतेक मोठ्या कंपन्यांची तीच चाल आहे. जो अधिक खातो त्याला फुकट जेवण! याला उतारा म्हणून ब्रिटनमध्यें कांहीं विचारवंतांनीं सुचविलें आहे कीं, वर्षांतील पहिल्या विमानप्रवासावर कर नसावा, दुसऱ्यावर थोडा, तिसऱ्यावर अधिक, अशी चढती कमान असावी. फ्रान्सनें आगगाडीनें अडीच तासांत जातां येतें अशा कांहीं मार्गांवरील विमानें २०२३ पासून बंद केलीं; त्यांत जेमतेम तीन मार्ग सांपडले. नेदरलंड्सच्या सरकारनें २०२२ सालीं स्किपोलवरील वर्षाचीं उड्डाणें पांच लक्षांवरून ४,४०,००० वर आणण्याचें ठरविलें. कंपन्या खवळल्या, अमेरिकेनें हरकत घेतली, आणि सरकारला २०२३ सालीं तो बेत मागें घ्यावा लागला. पुढें ४,७८,००० ची मर्यादा ठरली. या सर्वांत मला चढत्या कराची कल्पना अधिक न्याय्य वाटते, कारण ती विमानतळाची बेरीज सोडून माणसाकडे पाहते.

तिच्यावर आक्षेप नाहीं असें नाहीं. सांगलीची आई आजारी आहे आणि मुलगा बॉस्टनला आहे. वर्षांत तो चौथ्यांदा येतो. चौथ्या फेरीचा जबर कर त्याच्या माथीं येतो, आणि कराच्या वहीलाही विमानतळाच्या वहीप्रमाणें आई दिसत नाहीं. याला सूट द्यावी म्हटलें तर सुटींच्या अर्जांचा डोंगर होईल व प्रत्येकाला एक आजारी आई असेल. माझें मत असें कीं, कर त्यानें भरावा. त्याच्या कचेरीनें त्याला तासातासाच्या सभांसाठीं ज्या सहा फेऱ्या करावयास लाविल्या त्यांचा कर कचेरीनें भरावा, म्हणजे त्यांतल्या किती टाळतां येण्याजोग्या होत्या हें पुढल्या वर्षीं तिला आपोआप कळेल. सांगलीच्या फेरीचा कर भरतांना तो मुलगा कुरकुरेल असें मला वाटत नाहीं.